बोनापार्टचा उघडा हात

नमस्कार श्रोतेहो. साथीच्या काळात सत्ताधाऱ्याचं चित्र कसं रचलं जातं, हे समजून घ्यायचं तर पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या एका चित्रापुढे जरा वेळ थांबायला हवं. आंत्वान-जाँ ग्रो या चित्रकाराचं हे 1804 मधलं काम. उंची सव्वापाच मीटरच्या आसपास, रुंदी सात मीटरांहून जास्त. विषय असा की इजिप्तच्या मोहिमेदरम्यान, 11 मार्च 1799 रोजी, आजच्या इस्रायलमधल्या जाफा शहरात फ्रेंच सेनापती नेपोलियन बोनापार्ट आपल्या प्लेगग्रस्त सैनिकांना भेटायला आला आहे.

पाहताना आधी हात शोधा. त्यानं हातमोजा काढलाय आणि उघड्या बोटांनी तो एका रुग्णाच्या काखेतली गाठ चाचपतोय. आता मागचा अधिकारी बघा, त्यानं तोंडावर रुमाल दाबून धरलाय. तो रुमाल काढून टाकला, तर स्पर्शातलं धाडस निम्मं उरेल.

फ्रान्समध्ये राजानं हात लावला की गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा आजार, बरी होते, अशी शतकानुशतकांची श्रद्धा होती. राजघराण्यात न जन्मलेल्या सेनापतीला ग्रोनं तोच हात दिला. चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा बोनापार्टचा राज्याभिषेक जवळ आला होता, तो झाला 2 डिसेंबर 1804 ला. आधीच्या एका कच्च्या चित्रात बोनापार्ट प्रेताला हातांनी आधार देताना दिसतो. माझ्या मते तेच जास्त माणुसकीचं होतं. पण प्रेत उचलणारा शुश्रूषा करणाऱ्यांपैकीच एक वाटतो, गाठीला हात लावणारा तारणहार वाटतो.

चित्रात काय नाही, तेही बघायला हवं. भेटीच्या काही दिवस आधी याच शहरात शरण आलेले हजारो कैदी बोनापार्टच्या हुकमानं मारले गेले होते. पुढे माघार घेताना प्लेगच्या रुग्णांना अफू देऊन संपवलं, अशी बोलवाही युरोपभर होती. हे चित्र त्या बोलवेला दिलेलं उत्तर आहे. जागाही बदललेली आहे: रुग्णालय होतं आर्मेनियन मठात, ग्रोनं ते मशिदीच्या कमानींखाली नेलं.

समोरच्या अंधारात मात्र त्याचा ब्रश कचरला नाही. मरणाऱ्यांची शरीरं बोनापार्टपेक्षा मोठी आहेत, पार अंगावर येतात. इजिप्तच्या मोहिमेत डोळ्यांच्या साथीनंही फ्रेंच सैन्याला गाठलं होतं. उजवीकडे डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक सैनिक खांब चाचपत सेनापतीकडे निघालाय, अजून पोचलेला नाही.