बडोद्याला आलेलं पाथरवटाचं बिऱ्हाड

(मेलबर्नमधल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

बडोद्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं ठरलेलं असतं. दांडिया बाजार, सरदारांचे वाडे, सयाजीराव महाराज, ग्रंथालयं, संस्थानातल्या नोकऱ्या. हा अभिमान माझाही आहे. पण माझं घर बडोद्यात आलं ते दरबाराच्या दारातून आलं नाही, दगडाच्या खाणीतून आलं. माझे पणजोबा फिरते पाथरवट होते. मूळ जुन्नरकडचे. दसरा झाला की बिऱ्हाड गाढवांवर लादायचं आणि जिथे पूल, विहीर, देऊळ, घाट चालला असेल तिथे जायचं. पावसाळ्यापुरतं एका जागी टेकायचं. त्या हिंडण्यात पणजोबांच्या बरोबरीने पणजीही होती. घरात तिला सगळे मोठीआई म्हणत. आज मला तिच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे.

आधी राजवाड्याचं सांगते, कारण त्यासाठीच ते तिकडे गेले. लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारले. पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी हाती घेतलं आणि १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला. मुख्य दगड सोनगढचा, पिवळसर सोनेरी वालुकाश्म. सोनगढ म्हणजे गायकवाडांचं जुनं ठाणं. त्याशिवाय निळसर काळा दगड पुण्याकडून आला, संगमरवर राजस्थानातून. काळ्या दगडाबरोबर काळ्या दगडात हात बसलेली माणसंही आली. मुंबईकडून बडोद्याला रेल्वे १८६० च्या दशकातच सुरू झाली होती, त्यामुळे गाढवं विकून आमचं बिऱ्हाड पहिल्यांदा आगगाडीत चढलं.

राजवाड्याच्या माहितीत शिल्पकार फेलिची यांचं नाव असतं, ते असायलाच हवं. तिथे चिरे घडवणाऱ्यांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पणजोबांनी सोनगढच्या दगडावर पहिल्यांदा टाकी चालवली तेव्हा ते हरखून गेले. जुन्नरचा दगड हट्टी. त्याच्यावर दिवसभर घाव घालावे तेव्हा कुठे चार बोटं नक्षी उठायची, आणि टाकीची टोकं संध्याकाळी लोहाराकडे नेऊन पाजवून आणावी लागत. हा दगड मात्र सांगितलेलं ऐकायचा. वेल म्हटलं की वेल, पाकळी म्हटलं की पाकळी. पणजोबा म्हणायचे, आपण उगाच इतकी वर्षं काळ्या दगडाशी भांडलो.

पण त्या मऊ दगडाने त्यांचा जीव घेतला. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. इथे मेलबर्नच्या जुन्या गल्ल्यांत पायाखाली जो ब्लूस्टोन असतो, तोही बसाल्टच. त्यात सुटी सिलिका फारच थोडी असते. वालुकाश्म जवळजवळ सगळा क्वार्ट्झच्या, म्हणजे सुट्या सिलिकाच्याच कणांचा. तो कोरडा घडवताना जी बारीक धूळ उडते ती फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण होत जातात. सिलिकोसिस म्हणतात तो हाच. तो व्हायला वर्षं लागतात, झालेला बरा होत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ बऱ्याचदा क्षय येतो. बडोद्यापासून जवळच खंभात आहे. तिथे अकीक घासणाऱ्या कारागिरांचे जीव या रोगाने आजही जात आहेत. पणजोबांच्या वेळी त्याला नुसतं ‘छातीत धूळ बसली’ म्हणायचे. राजवाडा झाला, मग दुसऱ्या इमारती झाल्या, खोकला वाढत गेला आणि ते ऐन चाळिशीच्या आत गेले. आपण भाषणांत सर्रास म्हणतो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही म्हण दगडाची बाजू सांगते. टाकी ज्याच्या हातात होती त्याला काय सोसावं लागलं, हेही आपण एकदा म्हणायला हवं.

मोठीआईच्या पदरात तेव्हा लहान मुलगा होता, माझे आजोबा. तिच्याकडे नवऱ्याची हत्यारं होती आणि एक कला होती, जी पाथरवटांच्या बायकांच्या हातात पहिल्यापासून असायची. जातं आणि पाटा टाकवून देण्याची. आता इथे बसलेल्या तरुण मुलांसाठी सांगते. जातं रोज फिरून गुळगुळीत होतं, मग दाणे भरडतात, पीठ पडत नाही. तेव्हा टाकीवालीला हाक मारायची. ती खुंटा काढायची, वरचा दगड उचलून पालथा टाकायची, पाण्याचा हबका मारायची आणि मधल्या भोकापासून कडेकडे टाकीचे टिंब उठवत जायची. सगळे सारख्या खोलीचे. एखादा खोल गेला तर तिथे पीठ अडकतं. हात एका लयीत पडायचा आणि डोळे बारीक केलेले, कारण कपची उडाली तर थेट बुबुळात. दोन्ही दगड झाले की मूठभर भरड धान्य दळून ते पीठ गुरांपुढे टाकायला सांगायची, त्यात दगडाची कच असते म्हणून. मोबदला सुपातून मिळायचा. पसाभर बाजरी, कधी तांदूळ, सणाला जुनं लुगडं. पाण्याच्या त्या हबक्याने धूळ बसते. तिला त्याचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण ती म्हातारी होईपर्यंत जगली, त्यात त्या पाण्याचा वाटा असणार असं मी मानते.

ती पादरा, सावली, डभई असं हिंडायची. डभई आपल्याला ठाऊक आहे ती बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे यांच्या १७३१ च्या लढाईमुळे. मोठीआईला डभई ठाऊक होती ती हिरा भागोळीमुळे. गावाच्या कोटाचा तो नक्षीदार दरवाजा सोलंकी-वाघेला काळातला. त्याची दंतकथा तिथे सांगतात. दरवाजा घडवणाऱ्या हिरा नावाच्या पाथरवटाचा तेन नावाच्या बाईवर जीव होता. तिच्यासाठी त्याने दरवाजाच्या दगडातून दगड वळवून एक तळं बांधलं. राजाला कळलं, त्याने हिराला भिंतीत जिवंत चिणलं. तेनने भिंतीच्या फटीतून तूप ओतून त्याला जगवलं. पुढे काम अडलं, तेव्हा भिंत फोडून त्याला बाहेर काढावं लागलं. हिराच्या नावाने दरवाजा आहे, तेनच्या नावाने तळं आहे. मोठीआई ही गोष्ट नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगायची, आणि प्रत्येक वेळी तुपाच्या जागी आली की थांबायची. माझे वडील सांगत, तिथे ती बराच वेळ काही बोलायची नाही, आणि मग एकदम ‘चला, झोपा’ म्हणायची.

तिचं हिंडणं थांबलं ते १९०६ मध्ये. सयाजीरावांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड व्हायचा. फिरत्या बाईला दंड परवडणारा नव्हता, आणि पोराला घेऊन गावोगाव जाणं आता चालणार नव्हतं. तिने बडोद्यातच, वाडी नावाच्या भागाच्या बाजूला एक खोली घेतली. सकाळी बडोद्यातल्याच गल्ल्यांत ‘टाकीऽऽ’ म्हणून हिंडायची आणि दुपारी शाळेच्या दारात उभी राहायची, पोरगं पळून जाईल या भीतीने. एका कायद्याने आमच्या घराला पत्ता मिळाला, असं मी नेहमी म्हणते. आजोबा पुढे कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षणाच्या शाळेत, शिकले आणि इमारतींचे नकाशे काढू लागले. त्यानंतरच्या पिढ्यांचं तुमच्या-आमच्यासारखंच आहे, ते सांगत बसत नाही.

मोठीआई गेली तेव्हा आजोबा अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेले. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांनी नोंद केली. आपलं नाव, वडिलांचं, आईचं. वडिलांच्या पुढे ‘पाथरवट’ लिहिलं होतं. उपाध्यायांनी आईच्या पुढची जागा मोकळी सोडली होती, तिथे आजोबांनी आग्रहाने लिहून घेतलं: ‘टाकीचे काम करून मुलास शिकविले.’ ही ओळ मी स्वतः वाचली आहे.

मंडळाच्या संकेतस्थळावर आपण घराण्यांच्या वंशावळी गोळा करतोय. आलेल्या वंशावळी मी पाहिल्या. पुरुषांची नावं पाच-पाच, सात-सात पिढ्या मागे गेलेली आहेत. बायकांची कित्येक ठिकाणी नुसती ‘पत्नी’ अशी नोंद आहे. कृपा करून त्या परत घ्या आणि घरी फोन लावा. आत्या, मावश्या, मोठ्या काकू आहेत तोवर विचारा: तिचं माहेरचं नाव काय, ती काय काम करायची, घर कोणाच्या कमाईवर चाललं. पुणे, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, कुठलंही घर असो. शेती, शिवण, सुईणपण, खानावळ, दळण-कांडण, जे असेल ते लिहा. नोंदीचा नवा कागद मी छापून आणला आहे, त्यात या माहितीसाठी वेगळी ओळ ठेवली आहे. चहाच्या वेळी मी मागच्या टेबलापाशी बसते. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी नुसतं सांगा, मी लिहून घेईन.