पत्र त्याच आठवड्यात गेलं पाहिजे

(लातूर येथे गुत्तेदार आणि तरुण अभियंत्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

बी-वन निविदा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा टक्केवारी दराचा निविदा-करार नमुना, या सभागृहात कुणाला समजावायला नको. मुदतवाढ कशी मागावी हा आजचा विषय. पण आधी एका गुत्तेदाराची हकीकत ऐका. नाव-गाव सांगत नाही.

वसतिगृहाची इमारत होती. पाया खोदला तर काळी माती धरली होती त्यापेक्षा खोल निघाली. पायाचं डिझाइन बदलावं लागलं, सुधारित ड्रॉइंग यायला उन्हाळा गेला. मग पाऊस. काळ्या रानातला खड्डा भरला, ट्रॅक्टर आत जाईना. पुढे वाळूचे घाट बंद. दसऱ्यानंतर मजुरांची टोळी कारखान्यावर गेली. (हे शेवटचं कारण टिकत नाही बरं का. टोळ्या दरवर्षी ऊसतोडीला जातात, निविदा भरताना ते ठाऊक होतं. नुसता पाऊसही चालत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला, तर त्या नोंदीची नक्कल जोडा.)

कामावर देखरेख करणारे खात्याचे अभियंता साहेब भला माणूस. साइटवर यायचे, सगळं डोळ्यांनी बघायचे. गुत्तेदारानं विचारलं, पत्र देऊ का? तर म्हणाले, “कशाला कागद वाढवता, मी आहे ना!” तो गप्प बसला. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल उघडली: कार्यारंभ आदेश, पहिलं बिल आणि मधे काहीच नाही. मुदत संपल्यावर यानं अर्ज केला, तो नामंजूर झाला आणि दंड अंतिम बिलातून कापला गेला. नव्या साहेबांना मी दोष देत नाही. उद्या ऑडिटला उत्तर त्यांना द्यायचंय. मला चीड आहे ती ‘पत्र देणं म्हणजे साहेबांशी वैर घेणं’ या समजुतीची. तिच्यापायी आपल्याकडची चांगली चांगली माणसं बुडाली.

एप्रिल २०१६ आठवा. याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. बांधकामाला पाणी मागायला जीभ रेटत नव्हती. ती रेल्वे सगळ्या देशाला माहीत आहे, पण पत्र दिलं नसेल तर तुमच्या फाइलला माहीत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

बी-वनचं कलम ६: अडथळा आल्यापासून ३० दिवस किंवा कामाची मुदत संपण्याआधी, यातलं जे आधी येईल तोवर लेखी अर्ज. फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुन्यातल्या, करारात २८ दिवसांत नोटीस, सविस्तर मागणी नंतर. पत्रात अडथळ्याचं कारण, तारीख, कोणतं काम अडलं आणि त्यामुळे पुढचं काय थांबलं, हे लिहा. किती दिवस जातील ते आज सांगता येत नसेल तर तसंच लिहा, अडथळा संपला की दुसरं पत्र द्या. आवक क्रमांकासह पोच घ्या. साहेब साइटवर तोंडी काही बोलले, तर संध्याकाळी त्याचंही पत्र जाऊ द्या.

मुदतवाढ मिळाली म्हणजे बी-वनच्या कलम २ चा उशिराबद्दलचा दंड टळतो, नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. ते वेगळे मागा. करार कायदा १८७२, कलम ५५ वाचा: पलीकडच्यानं मुदत चुकवली आणि तुम्ही ते उशिरा मुकाट्यानं स्वीकारलंत, तर भरपाईचा हक्क जातो. तो राखायचा तर स्वीकारतानाच नोटीस द्यावी लागते.

आणि हिंद कन्स्ट्रक्शन या गुत्तेदार कंपनीच्या खटल्याचा निकाल. नाशिकच्या डाव्या कालव्यावरच्या जलसेतूचं, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पुलाचं, १९५५ चं काम. तिथेही पाऊस आणि साइटला धड रस्ता नाही, अशाच तक्रारी. शासनानं करार रद्द केला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते चूक ठरवलं, कारण करारातच मुदतवाढीची आणि रोजच्या दंडाची सोय होती. आधी वाजवी नवी मुदत ठरवून द्यायला हवी होती. म्हणजे कलम ६ तुमच्या बाजूनंही उभं राहतं.

हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे साइटवरच्या अडथळ्यांची नोंदवही, राहिलं. ते प्रश्नोत्तरांत घेऊ. मागच्या रांगेत मघापासून हात वर आहे, विचारा.