शनिवारचा पेनड्राइव्ह

[दृश्य : कौलांवरून पागोळ्या. व्हरांड्यात ओल्या चपलांची रांग.]

गगनबावडा तालुका, कोल्हापूर जिल्हा. इथल्या एका शाळेत सर नेटशिवाय संगणक कसा शिकवतात, ते बघायला आलोय. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस इथं पडतो. सांगायला नको, ऐकू येतोयच. कोल्हापूर इथून साधारण ५५ किलोमीटर, पण पंचगंगेच्या खोऱ्यात पाणी वाढलं की मांडुकलीजवळ रस्ताच बुडतो. मग ५५ काय आणि ५०० काय.

[दृश्य : संगणक खोली. पडद्यावर गोल फिरणारं चक्र.]

हे चक्र आम्ही शूटिंगसाठी मुद्दाम लावून घेतलं. लावायला काही कष्ट पडले नाहीत. जूनमध्ये सातवीच्या पोरांनी अख्खा तास याच्याकडे बघत काढला होता. "सर, नुसतं फिरतंय!" धडा होता स्क्रॅचचा. सूचनेच्या ठोकळ्याला ठोकळा जोडायचा आणि पडद्यावरची मांजर चालवायची, म्हणजे खेळता खेळता प्रोग्रॅम लिहायचा. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेलं, २००७ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं हे साधन. सरांनी धडा रात्र जागून नेटवरच्या नव्या आवृत्तीवर बेतला होता. धडा चांगला होता, शाळेपर्यंत नेट येत नव्हतं.

[दृश्य : जुनी सीपीयूची पेटी. पंख्यातली धूळ ब्रशनं काढणारे हात.]

यंत्रं विंडोज ७ ची. या विंडोजचा सांभाळ कंपनीनं जानेवारी २०२० मध्ये थांबवला. स्क्रॅचची नवी आवृत्ती यंत्रात भरून घ्यावी म्हटलं, तर तिला विंडोज १० लागतं. म्हणून ही यंत्रं भंगारात काढा, असा सल्ला सरांना बऱ्याच जणांनी दिला. आता त्याच यंत्रांकडे बघा. चालू आहेत.

[दृश्य : कोल्हापूरचा रंकाळा स्टँड. एसटीच्या काचेवर थेंब.]

शनिवारी शाळा सुटली की सर एसटीनं कोल्हापूर गाठतात. मुक्काम बहिणीकडे, कारण बहिणीकडे वायफाय आहे. तिथं त्यांनी स्क्रॅचची जुनी आवृत्ती शोधली, १.४. ती २००९ ची आहे आणि तिला नेट लागतच नाही. आता या पेनड्राइव्हकडे बघा. एकावर निळा दोरा, एकावर लाल. निळा फक्त शाळेचा, तो बाहेरच्या कुठल्याच यंत्राला लागत नाही. लाल शहरातला. तो परत आला की आधी सरांच्या लॅपटॉपवर तपासला जातो, मगच निळ्यात माल उतरतो. एकदा झेरॉक्सच्या दुकानातून शॉर्टकटवाला व्हायरस घरी आला होता, तेव्हापासूनची ही शिस्त. निळ्यावर स्क्रॅच आहे, चित्रं, आवाज आहेत आणि किविक्स नावाच्या ॲपमधून घेतलेला मराठी विकिपीडिया आहे. त्यालाही उघडायला नेट लागत नाही.

क्युबातही असंच चालतं. आठवड्याचा सगळा माल हार्ड डिस्कवर भरून घरोघरी फिरतो. त्याचं नावच 'साप्ताहिक पुडकं'. आमच्याकडे रविवारी शेवटच्या गाडीनं ते दोऱ्याला बांधून परत येतं.

[दृश्य : सरांची वही. खोडलेला धडा, समासात बाण.]

पण नुसती जुनी आवृत्ती आणून भागलं नाही. धडाच उसवावा लागला. नव्या स्क्रॅचमध्ये स्वतःचा ठोकळा बनवता येतो. 'चौकोन' नावाचा ठोकळा एकदा रचला की हवा तिथं वापरायचा. १.४ मध्ये ती सोयच नाही. एका चित्राच्या आपोआप प्रती काढायची सोयही नाही. सरांनी दोन रविवार घालवले आणि वाट काढली ती निरोपाच्या ठोकळ्यातून. एकानं निरोप सोडायचा, ज्याला तो कळतो त्यानं आपलं काम करायचं. पोरांना सांगताना त्यांनी तालीम आणली: "वस्तादानं हाळी दिली की जोरवाले जोर मारत्यात, बैठकावाले बैठका. वस्ताद प्रत्येकाजवळ जातोय व्हय?" धडा तिथंच पोचला. माझ्या मते मूळ धड्यापेक्षा हाच बरा.

[दृश्य : लाईट जाते. पडदे काळे. पोरांचा एकच गलका.]

हे मात्र आम्ही मागून घेतलं नव्हतं.

[दृश्य : व्हरांडा. पाच मुलं रांगेत, हातात पुठ्ठे.]

लाईट गेली की वर्ग व्हरांड्यात येतो. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ रचले. त्यातलाच हा एक. हे पुठ्ठे लग्नपत्रिकांचे आहेत. मागच्या कोऱ्या बाजूवर ठिपके: सोळा, आठ, चार, दोन, एक. पुढच्या बाजूला गणपती आणि शुभविवाह.

सर म्हणतात, "एकोणीस." सोळावाला पुठ्ठा वळवतो, ठिपके दिसतात. आठवाला वळवायला जातो, थांबतो. सोळा न आठ चोवीस, जास्त होतात. गणपतीच राहू दे. चारही नको. दोन हवा. शेवटची मुलगी उडीच मारते, "मी हाय, सर! मी आलो!" ठिपके, गणपती, गणपती, ठिपके, ठिपके. ठिपके म्हणजे एक, गणपती म्हणजे शून्य. संगणकाच्या भाषेत एकोणीस म्हणजे १००११. पाच पुठ्ठ्यांत शून्यापासून एकतीसपर्यंतचा कुठलाही आकडा बसतो. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आठवाल्यानं शोधलं, आणि मग महिन्यातली प्रत्येक तारीख या पाच जणांकडून वदवून घेतली.

[दृश्य : शहाबादी फरशीवर खडूच्या रेषा आणि वर्तुळं, वरून.]

आणि हा आकडे क्रमानं लावायचा रस्ता. सहा मुलं, प्रत्येकाकडे एक आकडा, बारा वर्तुळं. वर्तुळात दोघं भेटतात, लहान आकडा डावीकडे जातो, मोठा उजवीकडे. शेवटी सगळे चढत्या क्रमानं उभे. पाय बघा, बोलणं मी थांबवतो.

[दृश्य : काही सेकंद फक्त पावलांचा आवाज.]

पुढं हायस्कूलला गेल्यावर पासवर्ड सांभाळणं, नेटवर फाईल चढवणं यात ही पोरं सुरुवातीला चाचपडतात. तेही खरं.

[दृश्य : लाईट आलेली. पडद्यावर मांजर. वहीचं शेवटचं पान, जवळून.]

हे पान शनिवारचं. कोल्हापुरातून काय आणायचं, ते पोरं इथं लिहितात. पावसाचं ढग, हलणारं. बैल, पण शिंगं रंगवलेला. कुस्तीचा आखाडा, वरून दिसतो तसा. आणि खाली, दोनदा रेघ मारून: "मांजर म्याव करती. आमाला हलगी पायजे. खरी."

[दृश्य : सर पान फाडतात, घडी घालतात, खिशात ठेवतात. छत्री उघडते.]