अप्पा बळवंत चौक उचलून ठेवला, तर

बाजीराव रस्त्याने वाहने शनिवारवाड्याकडे जातात आणि शिवाजी रस्त्याने स्वारगेटच्या दिशेने परततात. चौकांना नोड आणि एकेरी रस्त्यांना दिशा असलेल्या एज मानले, की पुण्याच्या पेठांचा हा भाग म्हणजे एक ग्राफ होतो. अप्पा बळवंत चौकातून निघून कोठे कोठे पोचता येते, हे आपल्याला शोधायचे आहे. याच चौकातल्या दुकानांत मिळणाऱ्या अभ्यासाच्या पुस्तकांतली रीत अशी, की पाहिलेल्या प्रत्येक नोडसमोर अ‍ॅरेमध्ये, म्हणजे क्रमवार रकान्यांच्या तक्त्यात, खूण करायची, नाहीतर गोल फिरून येणाऱ्या वाटेवर शोध कधीच थांबणार नाही.

शुद्ध फंक्शनल भाषेत, म्हणजे केवळ गणिती फंक्शनांतून प्रोग्रॅम रचणाऱ्या भाषेत, एकदा ठरलेले मूल्य बदलता येत नाही. मग खूण करायची कोठे?

डेव्हिड किंग आणि जॉन लॉन्चबरी यांनी 1995 मध्ये हॅस्केल या अशाच भाषेत याचे एक उत्तर दिले. नोडपासून फुटणाऱ्या सर्व वाटांचे झाड, ते अनंत असले तरी, आधी मांडायचे आणि पुन्हा आलेल्या नोडपाशी फांदी छाटायची. लेझी इव्हॅल्युएशनमुळे, म्हणजे मूल्य लागेल तेव्हाच काढण्याच्या पद्धतीमुळे, छाटलेली फांदी प्रत्यक्षात कधी वाढतच नाही. मात्र छाटणी वेगाने व्हावी म्हणून त्यांनी बदलता येणारा अ‍ॅरे आत, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने, ठेवलाच.

मार्टिन एर्विग यांनी 2001 मध्ये सविस्तर मांडलेली कल्पना मला त्याहून सुंदर वाटते. यादी जशी एकतर रिकामी असते, नाहीतर पहिला घटक आणि उरलेली यादी मिळून बनते, तसाच त्यांनी ग्राफ पाहिला: एकतर रिकामा, नाहीतर एक नोड, त्याला जोडलेल्या एज आणि उरलेला ग्राफ. अप्पा बळवंत चौक हाती घेतला, की तो आणि त्याचे रस्ते उरलेल्या नकाशात राहतच नाहीत, म्हणून कोणत्याही वाटेने पुन्हा तेथे वळू पाहिले तरी तो सापडत नाही आणि खुणेची गरजच संपते. मूळ नकाशा मात्र जसाच्या तसा शाबूत असतो. याची किंमत आहे: संतुलित झाडात, म्हणजे सर्व फांद्या जवळपास सारख्या लांबीच्या ठेवणाऱ्या रचनेत, साठवलेल्या ग्राफमधून नोड वेगळा काढताना नोडच्या संख्येच्या लॉगरिदमइतका जादा वेळ लागतो.

पण त्या बदल्यात मिळणारी स्पष्टता पाहा. हाती घेतलेल्या चौकातून पुढे जाणारे चौक अजून पाहायच्या चौकांच्या प्रतीक्षायादीच्या सुरुवातीला जोडले तर डेप्थ-फर्स्ट, म्हणजे एकेक वाट आधी टोकापर्यंत धरणारा, शोध होतो, आणि तेच शेवटी जोडले तर ब्रेड्थ-फर्स्ट, म्हणजे जवळचे चौक आधी पाहणारा; बाकीच्या प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदलावे लागत नाही.