एकाच पाटीवरची दोन कामं

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

माझे वडील दारूबंदी खात्यात होते. सांगलीला त्यांच्या कचेरीवर पाटी होती, 'दारूबंदी व उत्पादन शुल्क'. शाळेतून येताना मी ती रोज वाचायचे आणि मला तिचा अर्थच लागायचा नाही. एकदा अण्णांना विचारलं, तुमचं काम दारू बंद करायचं आहे की दारूवर कर गोळा करायचं? ते म्हणाले, "दोन्ही. म्हणून तर अवघड आहे."

मादक पदार्थ कायदेशीर करून त्यांच्यावर कर लावावा का, हा विषय समितीनं मला दिला तेव्हा पहिल्यांदा ती पाटी आठवली. मी 22 वर्षं इथे ओंटारिओत फार्मसिस्ट आहे, तेव्हा काउंटरच्या अलीकडून जे पाहिलं त्यावरून बोलणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. कॅनडानं 17 ऑक्टोबर 2018 ला गांजा कायदेशीर केला, ते योग्य केलं. कर लावला, तेही योग्य. पण तो कर माल कुणी, किती आणि कसा घ्यावा याला वळण लावण्यासाठी आहे. सरकारची तिजोरी भरणं हा त्याचा हेतू झाला, की पाटीवरच्या दोन कामांपैकी एक काम मरतं.

आता एक प्रसंग सांगते. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं सांगणार नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आपल्यातल्याच एका घरी आजी सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडील-आजीआजोबांना दीर्घ मुक्कामासाठी मिळतो त्या व्हिसावर, आल्या होत्या. वय 74. दुपारी नातवाच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेल्या, खणात रंगीत गोळ्यांचं पाकीट दिसलं, लेमनच्या गोळ्या असतील म्हणून दोन तोंडात टाकल्या. तासाभरानं जीभ जड झाली, उभं राहता येईना, छाती धडधडायला लागली. "मला काहीतरी होतंय रे," एवढंच म्हणत होत्या. 911 ला फोन गेला. इस्पितळात सगळ्यांना पक्षाघाताचीच शंका. सीटी स्कॅन झालं, रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. मुलगा एका बाजूला कोल्हापूरला भावाशी बोलतोय, सून देवाचं नाव घेतेय. आणि 17 वर्षांचा नातू बाहेर खुर्चीत बसलेला. त्याला घरी खणातलं उघडं पाकीट दिसलं होतं. तो चार तास गप्प होता.

शेवटी त्यानं फोन केला तो बापाला नाही, मला. "मावशी, आजीनं माझ्या गमीज खाल्ल्या असतील तर काय होतं?" मी म्हटलं, "बाळा, फोन ठेव आणि समोर जी नर्स दिसेल तिला हे आत्ता सांग." त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजी घरी आल्या, बऱ्या आहेत. पण त्या चार तासांत त्यांना चुकीचं औषध दिलं जाऊ शकलं असतं.

संध्याकाळी मी ते पाकीट हातात घेतलं. लहान मुलांच्या चॉकलेटसारखं चकचकीत, आणि वर 500 मिलिग्रॅम टीएचसी असं छापलेलं. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. कायदेशीर दुकानात मिळणाऱ्या खाण्याच्या पाकिटात तो सगळा मिळून 10 मिलिग्रॅमच्या वर असू शकत नाही. तिथलं पाकीट साधं, त्यावर इशारा, लहान मुलाला उघडता येऊ नये असं झाकण. म्हणजे हा माल काळ्या बाजारातला होता. मुलगा 17 चा, इथे वयाची अट 19, दुकानात त्याला आत घेतलं नसतं. त्यानं कुठल्याशा संकेतस्थळावरून मागवला आणि पोस्टानं घरपोच आला.

कोणी म्हणेल, बघा, कायदेशीर करूनही काय उपयोग झाला? मी उलट म्हणते. कायद्यानं घातलेली 10 मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. बंदीच्या काळात मर्यादा घालायलाच कोणी नव्हतं. विकणाऱ्याला झाकण, लेबल, वय यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आज निदान एक अधिकृत माल आहे, जो तपासलेला असतो. प्रश्न एवढाच, की लोक काळा बाजार सोडून तिकडे वळतील कसे. आणि इथेच कर येतो.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. इंग्लंडच्या संसदेत ओरड झाली म्हणून 1893 साली हिंदुस्थान सरकारनं भांग, चरस आणि गांजाची चौकशी करायला आयोग नेमला. मुंबई इलाख्यासह देशभरातल्या हजाराहून अधिक लोकांच्या साक्षी त्यानं घेतल्या. 1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की सरसकट बंदीची गरज नाही. परवाने द्या, लागवडीवर नजर ठेवा आणि पुरेसा कर लावा. मात्र 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानं गांजा आणि चरस गुन्ह्यात गेले, भांगेचं पान तेवढं सुटलं. आज आपण कॅनडात जे धोरण पाहतो, त्याचा आराखडा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्या आबकारी कागदांत सापडतो.

आणि बंदी कशी चालते हेही महाराष्ट्राइतकं कुणी पाहिलं नसेल. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. पुढच्या वर्षी पूर्ण बंदी आली. हेतू चांगला होता. नवऱ्याच्या मारानं गांजलेल्या बायकांना तो आजही चांगलाच वाटतो. पण उसाच्या फडात, ओढ्याकाठी हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ, नवसागर, सडकं फळ, जे हाताशी येईल ते पिंपात. अण्णा रात्री अपरात्री छाप्याला जायचे, पिंपं फोडायचे आणि महिन्याभरात त्याच जागी भट्टी पुन्हा उभी. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले, दुकानं आली. तरीही जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. तेव्हा तर मुंबईत दारू कायदेशीर होती! मग ती माणसं दुकानात का गेली नाहीत? कारण कर लागलेली बाटली त्यांना परवडत नव्हती. पिशवीतली परवडत होती.

हे मी कधी विसरत नाही. कायदेशीर करणं म्हणजे काळा बाजार संपवणं नव्हे. कर चढवला की गरीब माणूस पुन्हा तिकडेच ढकलला जातो. आणि दुसऱ्या बाजूला सरकारला त्या पैशाची सवय लागते. जून 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळावेत म्हणून. दारू कमी प्यायली जावी हा हिशोब त्यात मला कुठे दिसला नाही.

कॅनडात काय झालं पाहा. सुक्या गांजावर केंद्राचं शुल्क ग्रॅममागे 1 डॉलर किंवा उत्पादकाच्या किमतीच्या 10 टक्के, यातलं जे जास्त ते. त्यातला तीन चतुर्थांश वाटा प्रांताला. हे ठरलं तेव्हा एक ग्रॅम साधारण 10 डॉलरला जाईल असा अंदाज होता. पुढे भाव कोसळले आणि तो 1 डॉलर 10 टक्क्यांच्या कितीतरी पुढे गेला. अनेक उत्पादक शुल्क थकवून बसले. ग्राहकाच्या बाजूनं चांगली गोष्ट ही, की भाव उतरले तसे बहुतेक लोक अधिकृत दुकानाकडे वळले.

माझा आक्षेप वेगळा आहे. ग्रॅमवर कर म्हणजे सौम्य गांजा आणि जहाल गांजा दोन्हीला सारखाच कर. मग पिकवणारा जहाल का पिकवणार नाही? खाण्याच्या मालावर कर टीएचसीच्या मिलिग्रॅमवर आहे, तसाच तो सुक्या गांजावरही हवा. जितका जहाल, तितका महाग. विशीतल्या मुलाच्या मेंदूची वाढ अजून चालू असते आणि जहाल टीएचसी रोज घेतल्यानं मानसिक आजाराचा धोका वाढतो, ही काळजी डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आहेत. करानं काही करायचं असेल तर हे करावं. शिवाय क्वेबेकनं जे केलं ते मला आवडतं. तिथली दुकानं सरकारी आहेत, वयाची अट 21 आहे आणि दुकानात गोड चॉकलेट-गोळ्या विकायला ठेवतच नाहीत. आपल्या ओंटारिओत दुकानांची संख्या दीड हजारावर गेली. एवढी कशाला हवीत, हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

दुकान कुठे असावं हे तिथल्या लोकांनी ठरवावं, हेही आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली आहेत. इथे 2019 च्या जानेवारीपर्यंत नगरपालिकांना दुकानं नाकारण्याची मुभा होती. मिसिसागा शहरानं नाकारली, आणि 2023 मध्ये निर्णय फिरवला. त्या वेळी चर्चेला आपल्यातले किती जण गेले होते? मी गेले नव्हते, याची मला खंत आहे.

आता कठीण भाग. गांजाला लावलेला नियम फेंटानिल या अफूवर्गातल्या अतिजहाल औषधाला लावायचा का? माझं उत्तर नाही असं आहे. ज्या पदार्थाच्या मिठाच्या काही कणांइतक्या मात्रेनं श्वास थांबतो, तो कर लावून दुकानात ठेवायचा नसतो. पण जो त्यात अडकला त्याला तुरुंगात टाकणं हेही उत्तर नाही. 2016 पासून या देशात ओपिऑइडच्या, म्हणजे फेंटानिल-हेरॉइनसारख्या अफूवर्गातल्या पदार्थांच्या, विषबाधेनं 50 हजारांहून अधिक माणसं गेली. ब्रिटिश कोलंबियानं जानेवारी 2023 मध्ये अडीच ग्रॅमपर्यंत बाळगणं गुन्हा नाही असं ठरवलं. मे 2024 मध्ये सार्वजनिक जागांपुरतं ते मागे घ्यावं लागलं. माझ्या मते चूक गुन्हा काढून टाकण्यात नव्हती. उपचाराची खाट तयार नसताना तो काढला, ही चूक होती. गांजाच्या करातला डॉलर कुठे जावा असं कुणी मला विचारलं, तर मी त्या खाटेकडे बोट दाखवीन.

शेवटी घरातल्या काही गोष्टी. भारतातून शिकायला आलेली मुलं आज इथे बसली आहेत, त्यांनी नीट ऐका. इथे कायदेशीर असलेला गांजा सीमेपलीकडे नेणं कायदेशीर नाही, अमेरिकेतही नाही. भारतात जाताना सामानात एक गोळी सापडली तरी गाठ एनडीपीएसशी आहे. नशेत गाडी चालवली तर, दारू असो वा गांजा, डिसेंबर 2018 पासून त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा 10 वर्षांची आहे. म्हणजे पीआर, कायम वास्तव्याचा परवाना, असलेल्या माणसाचं इथलं राहणंच धोक्यात येतं. आणि 2017 च्या कायद्यानुसार कुणी जास्त मात्रेनं कोसळलं म्हणून तुम्ही 911 ला बोलावलंत, तर स्वतःजवळ थोडं काही बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर लागत नाही. तेव्हा पळून जाऊ नका. फोन करा.

आईवडिलांना एकच विनंती. त्या नातवानं चार तास तोंड उघडलं नाही, कारण घरात हा शब्दच कधी उच्चारला गेला नव्हता. बाबा मारतील ही भीती त्याला नव्हती. बाबा पुन्हा आपल्याकडे बघणार नाहीत, ही होती. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

दाराजवळच्या टेबलावर मी नॅलोक्सोनचे संच आणले आहेत. ओपिऑइडनं श्वास मंदावला तर नाकात मारायचा हा फवारा आहे. ओंटारिओत तो फार्मसीत फुकट मिळतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मसाला दूध घ्यायला जाताना दोन मिनिटं थांबा, कसा वापरायचा ते दाखवते. आणि नऊ वाजता मागच्या खोलीत मी फक्त मुलांबरोबर बसणार आहे. तो नातू येणार आहे, बोलायला तयार आहे. मोठ्यांनी त्या वेळी अंगणात चंद्र बघावा.