रविवारचा फोन कुणाकडे?

(दृश्य: शुक्रवार संध्याकाळ, मंत्रालयाबाहेरची गर्दी)

सव्वासहा वाजले की मंत्रालयातून माणसांचे लोंढे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे निघतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. शनिवार-रविवार हायकोर्टही बंद. माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा नाही, अपिलाची सुनावणी नाही, कुठल्या साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळणं नाही. गटारात, सेप्टिक टाकीत गुदमरून मेलेल्या कामगारांच्या केसेस मागे लागून चालवणाऱ्या बाईला दोन दिवस मोकळे मिळायला काय हरकत आहे?

हरकत आहे ती रविवारचीच. सोसायटीची टाकी साफ करून घ्यायची तर कमिटीची मंडळी घरी असतात तो वार धरतात, असा या बाईंचा, आमच्या ताईंचा, अनुभव. आणि ज्यांचा माणूस आधीच गेलाय त्या बायका आठवडाभर लोकांच्या घरची धुणीभांडी करतात. त्यांना बोलायला सवड मिळते ती रविवारीच.

ताईंचं नाव आम्ही सांगत नाही, चेहराही दाखवत नाही. केसेस चालू आहेत.

(दृश्य: इस्पितळाचं शवागार, बाहेरचा बाक)

या कामात पहिला दिवस हातचा गेला की पुढची दोन वर्षं ते निस्तरण्यात जातात. पोलीस बहुधा आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. ताई आग्रह धरतात तो गुन्हा नोंदवण्याचा, हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखाली, आणि कामगार अनुसूचित जातीचा असेल तर ॲट्रॉसिटीचं कलमही. पंचनाम्यात टाकीची खोली लिहून घ्यायची, मास्क आणि दोर होता की नव्हता ते लिहून घ्यायचं. तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस पाकीट घेऊन शवागाराबाहेर आलेला असतो. अंत्यविधीचा खर्च म्हणून देतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो.

कागदोपत्री हक्क मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये भरपाई १० लाख ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. पण डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले, त्यांच्या बायकांना १० लाखांसाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. आदेश निघाला २०२१ मध्ये.

(दृश्य: खोलीतलं टेबल, फायलींची चळत)

या फायली वाचणं सोपं नाही. एक आत उतरतो, हाक मारली तर ओ देत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास मारतो, आणि फार झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणजे हवा चांगली झाली असं समजून पाय टाकणारे त्यातच गेलेत. हे सगळं कळल्यापासून ताई रस्त्यावर कुठलंही झाकण ओलांडून जात नाहीत, वळसा घालतात. फिरायला गेल्या तरी नजर खाली.

‘जरा आराम करा, स्वतःकडे बघा’ हा सल्ला त्यांना सगळेच देतात. देणाऱ्यांपैकी फोन धरायला कुणी येत नाही. त्यांचा गट तिघींचा. पूर्वी तिघींचेही फोन चोवीस तास चालू असत. म्हणजे एकच बातमी तिघींना, आणि तिघींचीही रात्र खराब.

आता कामाचा एकच फोन आहे. बटणांचा, साधा. मागचं झाकण सैल झालंय म्हणून त्याला रबर लावलंय. पोलीस ठाणी, वॉर्डबॉय, मुकादम, मृतांच्या घरची माणसं, सगळ्यांकडे हाच नंबर. शुक्रवारी संध्याकाळी कुर्ला स्टेशनबाहेरच्या टपरीवर कटिंग घेता घेता तो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो. सोबत शंभर पानी वही. कुणाचा फोन आला, आपण काय कबूल केलं, कोण कधी जाणार, हे सगळं त्यात. ‘बघते हं’ म्हणून ठेवलेला फोन त्या वहीत चालत नाही.

पहिल्या काही महिन्यांत ताई फोन देऊनही रात्री दुसरीला विचारायच्या, काही आलं का? तिने एकदा सरळ सुनावलं, विश्वास नसेल तर फोन परत घ्या. मग थांबल्या. वहीमुळे मृतांच्या घरच्या मंडळींनाही तेच दुःख प्रत्येक बाईला नव्याने सांगावं लागत नाही. हा फायदा कुणी आधी धरला नव्हता.

(दृश्य: रविवार सकाळ, चेंबूरचा मासळी बाजार)

ज्या रविवारी फोन दुसरीकडे, त्या रविवारी ताई आईबरोबर बाजाराला जातात. कोळणीशी घासाघीस आई करते, पिशवी ताईंकडे. घरी आईचा कायदा कडक आहे: ‘सुरमईच्या ताटावर गटार काढायचं नाही.’ दुपारी कधी शिवाजी मंदिरला नाटक. फोन बंद ठेवण्याची घोषणा होते तेव्हा ताईंना बरं वाटतं. विनोदी नाटकाच्या पहिल्या अंकातच त्या झोपतात, ते आई तिकिटाच्या किमतीसकट सगळ्यांना सांगते.

व्यवस्था पक्की आहे असं नाही. पावसाळ्यात ती कोलमडते, एका दिवसात दोन ठिकाणं निघाली की तिघीही रस्त्यावर. दिवाळीत फोन कुणी ठेवायचा यावर दरवर्षी रुसवेफुगवे होतात. तिघींत पगार एकीलाच आहे, आणि तोही वेळेवर नाही. उरलेल्या दोघी शनिवारी शिकवण्या घेतात. त्यांच्या शनिवारला सुट्टी म्हणावं की नाही हे आम्हालाही ठरवता आलं नाही.

पुढच्या महिन्यापासून चौथी मुलगी येतेय, नुकतीच वकील झालेली. तिला आधी शवागारात न्यायचं की आधी वही भरायला बसवायचं, यावर टपरीवर वाद चालू आहे. ताई वहीच्या बाजूने आहेत.