हलगी, लेझीम आणि ट्रायग्लिसराइड

(संगीताच्या साथीनं केलेला व्यायाम आणि रक्तातली चरबी या विषयावर सांगलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, हा कागद माझाच आहे. अकरा वर्षांपूर्वीचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी ४१२, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल ३३, आणि एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात नुसती आडवी रेघ. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली, तरी ती रेघ बघून पोटात गोळा आला. बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, गणितानं काढतात. १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करा, उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. म्हणून रेघ. आदल्या रात्री मिरजेत पुतण्याचं लग्न होतं आणि मी पंगतीत दोनदा बसलो होतो, हे लॅबवाल्याला कुठून कळणार?

तेव्हा मी जाड नव्हतो. आत्ता दिसतोय तसाच होतो. आपल्याकडची गंमत हीच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे किंवा बाईची ८०च्या पुढे गेली की सावध व्हायचं.

आता ही चरबी करते काय? तुम्ही सांगलीचे, तुम्हाला हरिपुरातली हळदीची पेवं माहीत आहेत. जमिनीत खड्डा, त्यात माल, वर माती. चरबीही तशीच, मुकाट पडून राहणारी साठवण, असं आम्ही शिकलो आणि पुढे पोरांनाही तसंच शिकवलं. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिन शोधलं आणि कळलं की हे पेव बोलतं. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडून मेंदूला कळवत असतात, ‘साठा भरपूर आहे, आता खाणं आवर.’ चरबी जास्त तितकं लेप्टिन जास्त. पण सतत ओरडणाऱ्या माणसाकडे घरातले जसं दुर्लक्ष करतात, तसंच लठ्ठपणात मेंदूचं होतं. आवाज मोठा, ऐकणारं कोणी नाही. याच पेवातून अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं दुसरं हार्मोन येतं. त्याची चाल उलटी. ते इन्शुलिनला मदत करतं, आणि चरबी वाढली की नेमकं तेच कमी होतं.

संयोजकांनी मला विषय दिला, ‘संगीतासह व्यायामाचा हार्मोन्स आणि रक्तातल्या चरबीवर परिणाम’. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बस गाठायची आहे त्यांनी खुशाल उठावं. गाणं कानातून जातं, ते लेप्टिनला हात लावत नाही. ते हात लावतं तुमच्या घड्याळाला, म्हणजे व्यायामात तुम्ही किती वेळ टिकता त्याला.

आपण चालतो तेव्हा आत काय घडतं ते आधी बघू. जेवणानंतर रक्तात चरबीचे गोळे फिरायला लागतात, मार्केट यार्डात ट्रक यावेत तसे. ट्रक आला म्हणून माल वखारीत जात नाही, उतरवायला हमाल लागतो. तो हमाल म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम. स्नायूंतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर ते बसलेलं असतं. व्यायाम केला की स्नायूंतले हे हमाल वाढतात. लगेच नाही बरं का, काही तासांनी. आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ते कामावर असतात. आज संध्याकाळी तासभर चाललात तर उद्याच्या जेवणातल्या चरबीचा निपटारा लवकर होतो. दोन-तीन दिवस घरी बसलात की हमाल पांगले.

साखरेचंही तसंच. स्नायूच्या पेशीत साखर जायला दारं असतात, एरवी ती इन्शुलिन उघडतं. स्नायू आकसतो तेव्हा ही दारं इन्शुलिनशिवायच पृष्ठभागावर येतात. मधुमेह्याला चालणं लागू पडतं त्याचं हे एक मोठं कारण. (इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवा. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विसरतं.)

लेप्टिन मात्र एका दिवसाच्या व्यायामानं फारसं हलत नाही. ते चरबीच्या मापानं चालतं. पोट उतरलं की ते उतरतं, आणि त्याला महिने लागतात. एचडीएलचं तर त्याहून चिकट काम. २००७ साली जपानी संशोधकांनी २५ प्रयोग एकत्र करून पाहिले. एरोबिक, म्हणजे चालण्या-पळण्यासारख्या, व्यायामानं एचडीएल डेसिलिटरमागे सरासरी अडीच मिलिग्रॅमनं वाढलं, फार नाही. पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आठवड्याला निदान १२० मिनिटं भरली पाहिजेत, आणि दमछाक किती झाली यापेक्षा एका बैठकीत किती वेळ टिकलात याला मोल जास्त. बैठक दहा मिनिटांनी लांबली की एचडीएलमध्ये साधारण १.४ मिलिग्रॅमची भर.

ही दहा मिनिटं आणायची कुठून? इथे येते हलगी.

मघाशी तुम्हाला जागच्या जागी पाय उचलत तीन मिनिटं चालायला लावलं ते उगाच नाही. पहिल्यांदा शांततेत, आणि विश्रांतीनंतर आपल्या हलगीवाल्या मामांच्या साथीनं. हवा दमट, म्हणून त्यांनी बाहेर कागद पेटवून चामडं शेकून घेतलं, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी अर्धं व्याख्यान ऐकलं. मग बारीक काडी आणि जाड टिपरू एकदम पडलं आणि मागच्या ओळीतल्या ज्या काकू ‘गुडघा दुखतो’ म्हणून बसून होत्या, त्याही उठल्या! पहिल्या रांगेतल्या गुरुजींना मी दोन्ही वेळा विचारलं, सहा ते वीसच्या मोजपट्टीवर कष्ट किती वाटले? ही स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची पट्टी. शांततेत गुरुजी म्हणाले तेरा, हलगीवर म्हणाले अकरा. नाडी मात्र पहिल्यांदा १०४, दुसऱ्यांदा १०८. म्हणजे हृदयानं काम कणभर जास्तच केलं आणि गुरुजींना वाटलं कमी.

एका माणसाच्या नाडीवरून शास्त्र होत नाही, मान्य. पण २०२० साली १३९ अभ्यास एकत्र करून झालेलं विश्लेषण याच अंगानं जातं. संगीतानं सगळ्यात जास्त काय बदललं, तर व्यायाम करताना वाटणारी मजा. त्याखालोखाल कामगिरी, मग कष्टाची जाणीव. ऑक्सिजनच्या खर्चात अगदी थोडा फरक, हृदयाच्या ठोक्यांत जवळजवळ काही नाही. न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत लिओनार्ड एअर्स यांनी तर १९११ मध्येच नोंदवलं होतं की बँड वाजत असताना स्वारांचा वेग ताशी १९.६ मैल, आणि बँड थांबला की १७.९.

‘संगीतानं लेप्टिन घटतं’ अशी बातमी मोबाइलवर आली की पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा: दोन्ही गटांनी व्यायाम तेवढाच वेळ, तेवढ्याच जोरात केला होता का? वेळ आणि जोर सारखा ठेवून केलेले प्रयोग लहान आहेत, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. फरक पडतो तो वेळ सारखा नसताना. गाण्यावाला चाळीस मिनिटं टिकतो, बिनगाण्याचा पंचविसाव्या मिनिटाला चहाच्या गाड्यावर असतो.

आमराईत सकाळी मी लोकांची पावलं मोजत बसतो, वाईट सवय आहे. मिनिटाला शंभर पावलं म्हणजे मध्यम व्यायाम. संथ अभंग लावून चालणारे ऐंशीच्या पुढे जात नाहीत. आवडीचंच गाणं लावा, पण लय जलद हवी. केरवा ताल पायांना छान बसतो. मिरजेची मंडळी इथे असतील तर रूपक तालावर चालून बघा, सात मात्रांमुळे सम, म्हणजे पहिली मात्रा, एकदा डाव्या पायावर येते, एकदा उजव्या, आणि माणूस गोंधळून कट्ट्यावर बसतो.

आपल्याला यातलं नवीन काय? १९८२च्या एशियाडच्या उद्घाटनाला सांगली जिल्ह्यातले चारशे लेझीमवाले दिल्लीत खेळले होते. लेझीममध्ये तर वाद्यच हातात. साखळीचा आवाज चुकला की पाऊल चुकलं हे शेजाऱ्याला कळतं, त्यामुळे मध्येच सोडून जायची सोय नाही.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. दम लागल्याची जाणीव दबते, तेव्हा छातीतल्या दुखण्याचीही दबू शकते. हृदयविकार असलेल्यांनी गाणं चालू असतानाही दर पाच मिनिटांनी चार वाक्यं बोलून पाहावीत. बोलता येत नसेल तर वेग कमी. आणि जोर फार वाढला की गाण्याचा उपयोग तसाही संपतो, शरीराचा आरडाओरडा त्याच्यावर मात करतो. डीजेच्या भिंतीपुढे नाचणं मी व्यायामात धरत नाही. कान गेल्यावर पुढे गाणं ऐकायचं कशानं?

प्रश्न आलाय, ‘रिपोर्ट पुन्हा कधी करायचा?’ तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाही. आदल्या संध्याकाळी एरवीपेक्षा जास्त व्यायामही नको, कारण सकाळी ते हमाल कामावर असतात आणि ट्रायग्लिसराइड कमी येतं. मागच्या वर्षी माझं १४८ आलं, सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. आदल्या संध्याकाळी गल्लीच्या गणपतीपुढे दीड तास लेझीम खेळलो होतो, हे बायकोला माहीत होतं. ती काही बोलली नाही.